डिझेल एंजिनाची निवड

शेतकऱ्याच्या घरीं गाडी घेण्याचा विचार एकदां निघाला, म्हणजे त्याची चर्चा पुष्कळ दिवस चालते. कोणी रंगाची गोष्ट काढतो, कोणी शेजारच्या गांवीं कोणती गाडी आली तें सांगतो, आणि अखेर विक्रेता शोरूममध्यें जो आंकडा मोठ्यानें वाचून दाखवितो त्यावर निर्णय होऊन जातो. वास्तविक, जमीन व घर सोडलें तर याहून मोठी खरेदी अशा कुटुंबांत क्वचितच होते. पैसा बहुधा कर्जाऊ असतो. हप्ते पांच-पांच, सात-सात वर्षें चालतात. आणि ज्या पिकांतून ते फेडावयाचे तें कपाशीचें पीक पावसाच्या स्वाधीन असतें. अशा स्थितींत एंजिनाची निवड चुकली, तर ती चूक दर महिन्यास हप्त्याच्या रूपानें घरांत येते. म्हणून पिकअप अथवा एस. यू. व्ही. जातीच्या गाडीसाठीं डिझेल एंजिन निवडतांना काय पाहावें, हें या लेखांत क्रमाक्रमानें सांगण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं तो विशेष लक्ष देऊन वाचावा; कारण पुष्कळ घरांतून कंपनीचें माहितीपत्रक वाचून तें वडिलांस समजावून देण्याचें काम मुलामुलींकडेच येतें, आणि त्यासाठीं लागणारें गणित व पदार्थविज्ञान वर्गांत शिकविलें जातें त्याहून अधिक नसतें.

कोणतेंहि यंत्र निवडण्यापूर्वीं त्यास काम काय पडणार तें ठरविलें पाहिजे. उदाहरणासाठीं आपला वरवट बकालचाच मुलूख घेऊं. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें, आणि मध्यें काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. पावसाळ्यांत तीच काळी माती फुगून शेतरस्त्यांचा चिखल करते. तालुक्याच्या कामास संग्रामपूर, आगगाडीस शेगांव, कापसाच्या पेठेस खामगांव, आणि जिल्ह्याच्या कचेरीस बुलढाणा. हें शेवटचें गांव डोंगरावर असल्यामुळें मलकापुराकडून मोताळ्यावरून जातां राजूर घाट चढावा लागतो. एवढ्या टापूंत एकाच गाडीस चार निरनिराळीं कामें पडतात. पहिलें, सोयाबीन, तूर व खत यांचीं जड पोतीं वाहणें. दुसरें, वेचलेला कापूस नेणें. हा वजनानें हलका पण आकारानें मोठा. तिसरें, माणसांची लांबची ने-आण, विशेषतः रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यास खामगांवास अथवा अकोल्यास नेणें. चौथें, घर व शेत यांमधील रोजच्या दोन-चार किलोमीटरांच्या खेपा. जें एंजिन पहिल्या कामास उत्तम तें चौथ्या कामास अगदीं अयोग्य ठरूं शकतें. तेव्हां या चारांपैकीं आपल्या घरचें मुख्य काम कोणतें, हा पहिला प्रश्न होय.

आतां डिझेल व पेट्रोल या एंजिनांतील भेद पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत इंधन व हवा यांचें मिश्रण दाबून तें विजेच्या ठिणगीनें पेटविलें जातें. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. तेथें दट्ट्या केवळ हवा दाबतो, आणि ती मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या ते अठराव्या हिश्शाइतकी आकुंचित करतो. सायकलींत हवा भरतांना पंप तळाशीं गरम होतो, हें प्रत्येक मुलानें अनुभविलें आहे. तोच प्रकार येथें फार मोठ्या प्रमाणावर होऊन हवेचें तपमान ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर जातें. अशा तापलेल्या हवेंत डिझेलचा बारीक फवारा सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. हवा जितकी अधिक दाबावी, तितका इंधनाच्या उष्णतेचा अधिक भाग कामीं लागतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्यें एक लिटर पेट्रोलपेक्षां सुमारें दहा टक्के अधिक उष्णता सांठविलेली असते. डिझेलची गाडी एका लिटरांत अधिक अंतर कां जाते, याचें उत्तर या दोन गोष्टींत आहे. मात्र एवढा दाब सोसण्यासाठीं एंजिनाचे भाग जाड व मजबूत करावे लागतात, आणि इंधन फवारणारा पंप अत्यंत काटेकोर घडवावा लागतो. त्यामुळें तें एंजिन वजनदार व महाग होतें. आणि त्याचें दीर्घायुष्यहि याच मजबुतींतून येतें.

या एंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल हा १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं जन्मला. वाफेचें एंजिन कोळशाच्या उष्णतेचा फार मोठा भाग फुकट दवडतें, ही गोष्ट त्याच्या मनास लागून राहिली. १८९२ सालीं त्यानें आपल्या कल्पनेचें पेटंट मिळविलें, आणि १८९७ सालीं जर्मनींतील औग्सबुर्ग येथें त्याचें एंजिन परीक्षेस उतरलें. त्यांत इंधनांतील उष्णतेचा एक चतुर्थांशाहून किंचित् अधिक भाग कामीं आला. परंतु तें एंजिन उंच, अवजड आणि एका जागीं बसविण्याचें होतें. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ मध्यें सुटसुटीत इंधन-पंपांचें उत्पादन सुरू केल्यानंतर तें मोटारींत सुखानें बसूं लागलें, आणि १९३६ मध्यें मर्सिडीज-बेंझ कंपनीनें डिझेलवर चालणारी घरगुती मोटार बाजारांत आणली.

आपल्याकडील पुष्कळ शेतकऱ्यांस डिझेल एंजिनाची ओळख प्रथम रस्त्यावर नव्हे, विहिरीवर झाली. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पाणी उपसणाऱ्या तिच्या एंजिनांचा ठोका गांवोगांव ऐकूं येऊं लागला. मुंबईस महिंद्र कंपनीनें १९४७ पासून जीप गाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढें फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या पद्धतीचें डिझेल एंजिन त्या कुळांतील गाड्यांस मिळालें, आणि २००० सालीं निघालेली बोलेरोहि त्याच पद्धतीचें अडीच लिटरचें एंजिन घेऊन आली. टाटांची २०७ ही पिकअप आली, व सुमो ही गाडी १९९४ मध्यें आली. सुमो हें नांव जपानी मल्लांवरून पडलें असें कित्येकांस वाटतें. तें तसें नसून टेल्को कंपनीचे धुरीण सुमंत मूळगांवकर यांच्या नांवाच्या व आडनांवाच्या आद्याक्षरांवरून घेतलेलें आहे. २००५ मध्यें टाटा एस ही दोन सिलिंडरांची लहान मालगाडी निघाली, जिला सर्वत्र छोटा हत्ती म्हणतात. तात्पर्य, या यंत्राची आपणांस दोन-तीन पिढ्यांची ओळख आहे. तथापि आजचें डिझेल एंजिन विहिरीवरील एंजिनाहून फार निराळें झालें आहे, आणि जुन्या ओळखीच्या भरंवशावर त्याची निवड करणें धोक्याचें आहे.

माहितीपत्रकांत दोन आंकडे ठळक छापलेले असतात. एक अश्वशक्तीचा व दुसरा टॉर्कचा. टॉर्क म्हणजे पिळण्याचें बल. चाकाचा नट सोडवितांना लांब दांड्याचा पाना घेतला तर काम हलकें होतें, हें आपण पाहतों. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकास सुमारें २० किलो वजन टांगलें असतां नटावर जो पीळ पडतो, तो जवळजवळ २०० न्यूटन-मीटर होय. अश्वशक्ति म्हणजे हा पीळ किती वेगानें दिला जातो त्याचा हिशेब. टॉर्क व दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून त्यास ९,५४९ नें भागलें असतां किलोवॅटमध्यें शक्ति निघते. समजा, एक एंजिन २,००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर टॉर्क देतें. गुणाकार ४,००,०००, भागाकार सुमारें ४२ किलोवॅट, म्हणजे सुमारें ५७ अश्वशक्ति. जें एंजिन १०० न्यूटन-मीटरच टॉर्क देतें, त्यास तेवढीच शक्ति देण्यासाठीं ४,००० फेरे घ्यावे लागतील. शक्ति दोघांची सारखीच; परंतु एक सावकाश चालून काम करतें, दुसरें धांवून.

चिखलांत रुतलेली बैलगाडी काढावयाची तर धांवणारा घोडा कामाचा नाहीं, पाय रोवून ओढणारा बैल पाहिजे. मालाच्या गाडीचें तसेंच आहे. पोत्यांनीं भरलेली गाडी उभ्या जागेवरून हलवितांना, अथवा राजूर घाटांत वळणावर वेग मोडून पुन्हां चढतांना, एंजिनाचे फेरे कमीच असतात. आणि त्याच वेळीं पीळ सर्वांत अधिक लागतो. म्हणून टॉर्क किती एवढेंच न विचारतां, तो किती फेऱ्यांवर मिळूं लागतो हेंहि विचारावें. १,४०० अथवा १,६०० फेऱ्यांपासूनच पुरा टॉर्क देणारें एंजिन जड कामास बरें. जें २,००० च्या पुढें गेल्यावर जोर धरतें, तें मोकळ्या सडकेवर आनंद देईल, परंतु भरल्या गाडींत चालकास क्लच घासावयास लावील.

बाजारांतील कांहीं गाड्यांचे आंकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. बोलेरो या एस. यू. व्ही. मध्यें १,४९३ घनसेंटिमीटरचें तीन सिलिंडरांचें एंजिन असून तें सुमारें ७६ अश्वशक्ति व २१० न्यूटन-मीटर देतें. तिच्याच नांवाच्या पिकअपमध्यें २,५२३ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन आहे. त्याची शक्ति सुमारें ७५ व टॉर्क सुमारें २००. आंकडे जवळजवळ सारखे, मग पिकअपला एवढें मोठें एंजिन कशासाठीं? भागाकार केला म्हणजे उत्तर मिळतें. लहान एंजिनाकडून दर लिटरमागें सुमारें ५१ अश्वशक्ति घेतली जाते, मोठ्याकडून अवघी ३०. दिवसभर ओझें वाहणाऱ्या एंजिनावर ताण जितका कमी, तितकें त्याचें तापणें व झिजणें कमी. एक तरणा बैल जें ओझें ऊर फुटेस्तोंवर ओढतो, तेंच दोन बैल सहज ओढतात, असाच हा प्रकार समजावा.

याउलट स्कॉर्पिओ-एन या गाडीचें २.२ लिटरचें डिझेल एंजिन घ्या. तें दोन रूपांत मिळतें. एक १३२ अश्वशक्ति व ३०० न्यूटन-मीटरचें. दुसरें १७५ अश्वशक्तीचें, ज्याचा टॉर्क हातानें बदलावयाच्या गिअरसह ३७० व आपोआप बदलणाऱ्या गिअरसह ४०० आहे. आकार एकच असून शक्तींत एवढें अंतर पडतें, याचें कारण मुख्यतः टर्बो व इंधन-फवारा यांच्या योजनेंत आहे. टर्बो म्हणजे धुराच्या झोतानें फिरणारा एक लहान पंखा. तो बाहेरची हवा कोंबून सिलिंडरांत भरतो, आणि अधिक हवेबरोबर अधिक डिझेल जाळतां येतें. माणसें घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्या व घाटांत मागें न पडूं इच्छिणाऱ्या कुटुंबास हें वाढीव बल उपयोगी आहे. टाटा योद्धा या पिकअपचें एंजिनहि २.२ लिटरचेंच, परंतु तें १०० अश्वशक्ति व २५० न्यूटन-मीटर एवढ्यावरच ठेवलेलें आहे. टोयोटा हायलक्स या महाग पिकअपचें २.८ लिटरचें एंजिन मात्र २०४ अश्वशक्तीचें आहे. तेव्हां मोठा आंकडा तें उत्तम एंजिन, अशी तुलना निरर्थक आहे. कामाशीं जुळणारा आंकडा शोधावयाचा असतो.

एस. यू. व्ही. गाड्यांत १,५०० घनसेंटिमीटरच्या आंतलें एंजिन वारंवार कां दिसतें, याचें आणखी एक कारण करांत आहे. डिझेलच्या प्रवासी मोटारीची लांबी ४ मीटरपर्यंत व एंजिन १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असेल तर ती लहान मोटार गणली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारीवर १८ टक्के व त्याहून मोठ्या मोटारीवर ४० टक्के वस्तु व सेवा कर आहे. मालवाहू गाड्यांवर तो १८ टक्के आहे. म्हणजे कित्येकदां एंजिनाचा आकार कामावरून नव्हे, करावरून ठरलेला असतो. जड माल वाहणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें. तसेंच, ज्याच्या घरीं माल कमी व माणसें थोडीं, त्यानें मोठ्या एंजिनासाठीं एवढा अधिक कर भरावा कां, हाहि विचार करावा.

आतां सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊं. आपणांस डिझेल हवेंच काय? याचें उत्तर वहींत मांडून काढावें. हिशेबासाठीं पेट्रोल १०५ रुपये व डिझेल ९२ रुपये लिटर धरूं. एकाच गाडीचें पेट्रोल रूप लिटरमागें १२ किलोमीटर व डिझेल रूप १६ किलोमीटर जातें असें समजूं. तर दर किलोमीटरास पेट्रोलचा खर्च ८ रुपये ७५ पैसे व डिझेलचा ५ रुपये ७५ पैसे होतो. बचत ३ रुपये. डिझेलची गाडी १,२०,००० रुपयांनीं महाग असेल, तर ती रक्कम भरून निघण्यास ४०,००० किलोमीटर धांवलें पाहिजे. जो रोज ४० किलोमीटर याप्रमाणें वर्षांतून ३०० दिवस गाडी चालवितो, त्याचे वर्षाचे १२,००० किलोमीटर होतात, आणि त्याचा वाढीव खर्च तीन वर्षें चार महिन्यांत वसूल होतो. परंतु ज्याची गाडी रोज १० किलोमीटरच चालते, त्यास तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यांत कर्जाचें व्याज धरा. दहा टक्के दरानें १,२०,००० रुपयांचें पहिल्या वर्षाचें व्याज १२,००० रुपये. आणि रोज १० किलोमीटर जाणाऱ्याची वर्षाची बचत ३,००० किलोमीटरांवर अवघी ९,००० रुपये. म्हणजे त्याच्या बचतींतून व्याजहि फिटत नाहीं! हे आंकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकानें आपल्या गांवचे दर व आपल्या गाडीचें ॲव्हरेज घालून हाच हिशेब पुन्हां करावा. पंधरा-वीस मिनिटांचें हें गणित लाख-दीड लाख रुपये वांचवूं शकतें.

थोडक्या धांवेच्या गाडीस डिझेल न घेण्याचें दुसरेंहि एक कारण आहे, आणि तें जुन्या जाणत्यांसहि पुष्कळदां ठाऊक नसतें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा धुराविषयींचा कडक नियम देशभर लागू झाला. डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आलें, आणि डिझेल मोटारींच्या धुरांतील काजळीची मर्यादा दर किलोमीटरास २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली गेली. मुलांच्या फुप्फुसांच्या दृष्टीनें हें उत्तमच झालें. परंतु ही काजळी अडविण्यासाठीं धुराच्या नळींत एक गाळणी बसवावी लागली. गाळणी भरली म्हणजे सांठलेली काजळी आंतल्या आंत जाळून टाकावी लागते, व त्यासाठीं सुमारें ६०० अंशांची उष्णता लागते. मोकळ्या सडकेवर गाडी कांहीं वेळ सतत चालली तर हें काम आपोआप होतें. घरापासून शेतापर्यंत दोन किलोमीटर जाऊन बंद होणारी गाडी कधीं तितकी तापतच नाहीं. गाळणी तुंबते, समोरील फलकावर दिवा लागतो, आणि एंजिनाचा जोर कमी होतो. असा दिवा लागला असतां त्याकडे दुर्लक्ष न करितां पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवावी. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानूं नये. तें बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तो धूर अखेर आपल्याच अंगणांत येतो.

कांहीं एंजिनांत धुरांतील नायट्रोजनचे विषारी वायु नाहींसे करण्यासाठीं युरियाचें द्रावण वेगळ्या टाकींतून फवारलें जातें. या द्रावणांत ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया व बाकीचें शुद्ध केलेलें पाणी असतें. येथें शेतकऱ्यास एक मोह होण्याचा संभव आहे. घरांत युरियाचें पोतें असतांना विकतचें द्रावण कशाला, असें त्यास वाटेल. परंतु शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि त्यांत इतरहि अशुद्ध द्रव्यें असतात. तें विहिरीच्या पाण्यांत कालवून टाकींत ओतलें, तर फवाऱ्याचीं सूक्ष्म छिद्रें बुजतात व धूर शुद्ध करणारा महाग भाग निकामी होतो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज अन्य कामास वापरणें हा कायद्यानें गुन्हा आहे. तेव्हां गाडी घेण्यापूर्वींच तिला हें द्रावण लागतें काय, आणि लागत असल्यास जवळपास कोठें मिळतें, तें विचारून घ्यावें.

आपल्या मुलखाची एक विशेष गोष्ट येथें सांगितली पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाण पट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील विहिरींचें पाणी खारट असतें. असें पाणी रेडिएटरमध्यें ओतलें, तर आंत क्षारांचे थर बसतात, धातु गंजतो, आणि पाण्याचे मार्ग अरुंद होतात. वैशाखांतल्या उन्हांत, भरली गाडी घाट चढत असतां, असें एंजिन तापून बसलें तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च एका पिकाचा नफा खाऊन टाकतो. रेडिएटरमध्यें कंपनीनें सांगितलेलें कूलंटच घालावें. तसेंच मळणीच्या दिवसांत व कोरड्या शेतरस्त्यांवर धूळ फार उडते. हवेची गाळणी त्या दिवसांत पुस्तिकेंतील मुदतीपूर्वींच तपासावी. हल्लींचीं डिझेल एंजिनें १,५०० ते २,००० वातावरणांइतक्या प्रचंड दाबानें इंधन फवारतात. विहिरीवरील जुनें एंजिन थोडें पाणी, थोडें रॉकेल सहन करी. हें नवें एंजिन करीत नाहीं. डिझेल नेहमीं खात्रीच्या पंपावरच भरावें, आणि इंधनाच्या गाळणींतील पाणी वेळच्या वेळीं काढावें.

शोरूममध्यें न विचारला जाणारा आणखी एक प्रश्न असा कीं, बिघाड झाला तर दुरुस्ती कोठें? ज्या एंजिनाचे सुटे भाग शेगांवीं अथवा खामगांवीं त्याच दिवशीं मिळतात, व ज्याचें काम जाणणारा मिस्त्री जवळ आहे, तें एंजिन आंकड्यांत थोडें उणें असलें तरी शेतकऱ्यास अधिक हिताचें. कापसाचा भाव चढलेला असतांना आठ दिवस गाडी दूरच्या गॅरेजमध्यें उभी राहिली, तर तें नुकसान कोणत्याहि माहितीपत्रकांत लिहिलेलें नसतें.

वजनाविषयींहि चार शब्द. बोलेरो पिकअपचे प्रकार सुमारें १,३०० ते १,७०० किलो, म्हणजे १३ ते १७ क्विंटल माल वाहतात. एंजिनास जोर आहे म्हणून २५ क्विंटल भरणें शहाणपणाचें नाहीं. एंजिन तें ओझें ओढीलहि. परंतु थांबविण्याचें काम एंजिनाचें नसून ब्रेकांचें आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे थांबविण्यासाठीं जिरवावी लागणारी शक्ति चौपट होते, हें विज्ञानाच्या पुस्तकांत आहे. घाटाच्या उतारावर तें प्रत्यक्ष अनुभवास येतें. कापसाचें वजन कमी असलें तरी त्याचा उंच ढीग वाऱ्यानें व वळणानें गाडीचा तोल घालवूं शकतो. आणि मालाच्या हौदांत माणसें, विशेषतः शाळेचीं मुलें अथवा वेचणीच्या बायका, कधींहि बसवूं नयेत.

जुनी गाडी घेणाऱ्यानें सकाळीं एंजिन पूर्ण थंड असतां जाऊन तें स्वतः समोर सुरू करवावें. आधींच तापवून ठेवलेल्या एंजिनाचे दोष झांकले जातात. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन अर्धवट जळतें आहे. निळा धूर म्हणजे एंजिन ऑइल जळतें आहे व आंतील कड्या अथवा टर्बो झिजला असण्याचा संभव आहे. एंजिन तापल्यावरहि पांढरा धूर राहिला तर आंत पाणी शिरतें आहे अथवा फवारा बिघडला आहे. ऑइल भरण्याचें झांकण उघडून पाहावें. तेथून जोरानें वाफारे येत असतील तर दट्ट्यांची पकड सैल झालेली असते. शक्य असल्यास गाडी रिकामी नव्हे, माल भरून चढावर चालवून पाहावी.

सारांश, एंजिन निवडण्यापूर्वीं सहा प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. गाडीचें मुख्य काम कोणतें? वर्षांत किती किलोमीटर धांव होईल? खेपा लांबच्या कीं तुटक? पुरा टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो, व दर लिटरमागें किती शक्ति घेतली आहे? दुरुस्ती व सुटे भाग जवळ मिळतात काय? आणि पीक बुडालें त्या वर्षींहि हप्ता भरतां येईल काय? ज्याची धांव मोठी, माल जड व रस्ता चढाचा, त्यानें कमी फेऱ्यांवर जोर देणारें, ताण कमी असलेलें मोठें डिझेल एंजिन घ्यावें. ज्यास कुटुंबासह लांबचा प्रवास वारंवार पडतो, त्यानें टर्बोचें अधिक शक्तीचें घ्यावें. ज्याची गाडी गांवांतल्या गांवांतच फिरणार, त्यानें डिझेलचा मोह सोडावा.

गाडी घरीं आल्यावर एक वही करावी व ती लिहिण्याचें काम घरांतील विद्यार्थ्याकडे द्यावें. दर वेळीं टाकी भरतांना तारीख, किलोमीटर व लिटर एवढें लिहून भागाकार करावा. नेहमीं १६ किलोमीटर येत असतां तो आंकडा १४ वर उतरला, तर चाकांतील हवा, हवेची गाळणी व फवारा यांपैकीं कोठें तरी बिघाड आहे असें समजून त्याच आठवड्यांत मिस्त्रीस दाखवावें.